ट्रेनिंग झालं, ताट तसंच

मागच्या अंकात आपण घरातल्या अन्नसुरक्षेबद्दल, म्हणजे वर्षभर घरात पुरेसं आणि नीट खायला मिळतंय का याबद्दल, गावात काम करणाऱ्या सख्या (ट्रेनिंग घेऊन घरोघरी जाणाऱ्या गावातल्याच बाया), आशा, अंगणवाडी सेविका आणि संस्थांचे लोक यांच्याकडून प्रश्न मागवले होते. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून आले. एकसारखे होते ते एकत्र केलेत. नावं मुद्दाम छापत नाहीये, कारण दोघीतिघींनी तसं कळवलंय आणि बाकीच्यांनाही उगाच सुपरवायझरचा फोन यायला नको.

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्या संस्थेला धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवरच्या 30 बायांना अन्नसुरक्षेचं ट्रेनिंग द्यायचंय. शहाद्याला हॉल बघितलाय, पाच दिवस निवासी, आहारतज्ज्ञ येणार, पीपीटी तयार आहे. मागच्या वर्षी पण असंच केलं होतं, बाया खुश होऊन गेल्या पण नंतर पाड्यावर जाऊन बघितलं तर कोणाच्या घरात काहीच बदललं नव्हतं. यावेळी काय वेगळं घालू?
(समन्वयक, धडगाव)

भाऊ, घालण्याआधी काढा. पहिलं म्हणजे ते पाच दिवस काढा. अंगावर पिणारं पोर असलेली बाई पाच दिवस शहाद्याला येणार कशी, मग येते कोण तर जिला घरी काही काम नाही ती, नाहीतर सरपंचाची वहिनी. दोन दिवस घ्या, पाड्यावरच, अंगणवाडीत नाहीतर झेडपीच्या शाळेत, मग महिनाभर त्यांना काम करू द्या, मग पुन्हा एक दिवस, आणि असं वर्षभर चालू ठेवा. हॉल आणि जेवणाचे पैसे वाचतील ते फॉलोअपला लावा, म्हणजे दर महिन्याला कोणीतरी तिच्यासोबत दोन घरं फिरेल असं बघा, कारण आजवर जिथे जिथे काही फरक पडलेला मी बघितलाय तिथे तो हॉलमध्ये नाही, त्या फिरण्यात पडलाय. आणि पावरी (तिकडची आदिवासी बोली) बोलणारी एक बाई ट्रेनर म्हणून सोबत पाहिजेच, मराठीत सांगितलं की सगळ्या मान डोलावतात आणि आपण समजतो कळलं.

आता आत काय घालायचं. अन्नसुरक्षेची जी व्याख्या 1996 च्या रोमच्या जागतिक अन्न परिषदेनंतर सगळीकडे वापरतात तिच्यात चार गोष्टी आहेत, अन्न आहे का, ते त्या घराला मिळू शकतं का, खाल्लेलं अंगी लागतंय का, आणि हे बाराही महिने टिकतंय का. पीपीटीत या चार गोष्टी चार रंगाच्या डब्यांत असतात आणि बाया त्या डब्यांकडे बघत बसतात. त्याऐवजी जमिनीवर खडूने बारा घरं आखा, आखाजीपासून (अक्षय्य तृतीया) आखाजीपर्यंत, आणि प्रत्येक बाईला स्वतःच्या घराचं वर्ष मांडायला सांगा. घरची ज्वारी-मका चालते त्या महिन्यात दाणे, विकत आणावं लागतं तिथे खडा, उसनं किंवा सावकाराकडून आणलं तिथे काडी, घरातलं कोणी बाहेरगावी कामाला गेलंय तिथे पान. अर्ध्या तासात सगळ्यांच्या आखणीत आषाढ-श्रावण-भादव्यात दाणे संपून काड्याच काड्या दिसायला लागतात, आणि ते त्यांनी स्वतः मांडलेलं असतं, तुम्ही सांगितलेलं नसतं.

त्याच्यावर मग हिशोब बसवा. सहा माणसांचं घर धरा, लहानमोठे मिळून दिवसाला दोन किलोच्या आसपास धान्य लागतं, महिन्याला 60 किलो. रेशन कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी 5 किलो म्हणजे 30 किलो येतं, राहिले 30. दिवाळीत शेतातून चार क्विंटल ज्वारी आली तर कागदावर वर्ष निघतं, पण त्यातली दोन क्विंटल बियाण्याच्या आणि दवाखान्याच्या देण्यात गेली की उरलेली दोन क्विंटल साडेसहा महिने पुरतात, म्हणजे आखाजी झाली की कणगीत हात घातला तर तळ लागतो. आणि नवीन पीक पुन्हा दिवाळीला. हे गणित जिला जमिनीवर बसून स्वतःच्या घराचं करता आलं तिला शेजारणीच्या घराचं पण करता येतं, आणि मग ती त्या घरी जाऊन "हिरव्या भाज्या खा" असं म्हणत नाही, ती विचारते की दिवाळीला दोन क्विंटल विकली ती कितीला विकली आणि श्रावणात किती भावाने परत आणली. इथून पुढे बचत गटाची धान्य बँक करायची का यावर बोलता येतं. आपल्याकडे सव्वाई-दिडीने धान्य उचलायची जुनी रीत आहेच, सावकाराची दिडी म्हणजे एक क्विंटल नेलं की सुगीत दीड परत. गटाने तेच सव्वाईने दिलं, म्हणजे सव्वा क्विंटल परत, तर घेणारीचं 25 किलो धान्य घरात राहतं आणि गटाची कोठी पण वाढत जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गृहभेट. जोडीजोडीने जायचं, आणि एक नियम कडक ठेवा की त्या भेटीत सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं आणि बघायचं. हे बायांना फार जड जातं (ट्रेनरला त्याहून जड जातं). परत आल्यावर प्रत्येक जोडीने सांगायचं की त्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं, धान्य कशात ठेवलंय, पाणी कुठून येतं, रेशन कार्डावर किती नावं आहेत आणि घरात माणसं किती. शेवटच्या प्रश्नात हमखास फरक निघतो, नवीन सून आणि दोन-तीन वर्षांची पोरं कार्डावर नसतात. त्यांची नावं चढवायचा अर्ज कुठे करायचा, सोबत काय कागद लागतात, हे त्या सखीला तहसीलच्या खिडकीपर्यंत नेऊन दाखवा. माझ्या मते अख्ख्या ट्रेनिंगमधली सगळ्यात जास्त धान्य घरात आणणारी गोष्ट हीच आहे, एका नावामागे महिन्याला 5 किलो, आणि 1 जानेवारी 2023 पासून तर ते फुकट आहे.

आहारतज्ज्ञांना बोलवा, पण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, जेव्हा बायांकडे विचारायला स्वतःचे प्रश्न असतील.

प्रश्न: मी आशा आहे, साक्री तालुका. घरी जाऊन "भाजी खाता का, डाळ खाता का" विचारलं की सगळ्या म्हणतात हो, सगळं खातो. फॉर्म भरून होतो. पण मला माहितीये की खरं नाहीये. कसं विचारू?

तुझा प्रश्नच असा आहे की त्याला "हो" शिवाय उत्तर नाही बाई. गावातली बाई तोंडावर "आमच्या घरात डाळ नाही" असं म्हणेल का? त्यात शेजारीण दारात उभी. म्हणून खातेस का हे विचारायचंच नाही, काल काय झालं ते विचारायचं. अहिराणीत बोल, "माय, काल सांजले काय रांधं व्हतं?" एवढंच. मग तिथून मागे मागे जा, दुपारी काय, सकाळी शेतात काय नेलं, मधे काही तोंडात टाकलं का. मग "पोरेस्नी काय खादं?" आणि सगळ्यात शेवटी "आनि तू काय खादं?" कारण रांधलेलं आणि तिच्या ताटात आलेलं यात फरक असतो, कालची वरणाची पातेली सासरा आणि पोरांपर्यंतच पुरली असेल तर तिने भाकरी आणि ठेचाच खाल्लाय. लिहायचं नंतर, उंबऱ्याबाहेर आल्यावर. तिच्यासमोर मोबाईलमध्ये टिक मारत बसलीस की ती तुला बरं वाटेल तेच सांगणार.

आता मोजायचं कसं. 15 ते 49 वयाच्या बायांसाठी अन्नाचे दहा गट धरतात: धान्य आणि कंद, डाळी-कडधान्य, शेंगदाणा-तीळ, दूध-दही, मांस-मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, पिवळ्या-केशरी रंगाच्या भाज्या आणि फळं, इतर भाज्या, इतर फळं. दिवसभरात यातले निदान पाच आले पाहिजेत. कळण्याची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा आणि चहा हा दिवस घेतला तर कळण्यात ज्वारी आहे आणि उडीद आहे, दोन गट झाले (आणि हे आपल्या आज्यांनी कोणी न शिकवता जमवून ठेवलंय). मिरची मोजत नाहीत, एवढीशी खाल्लेली गोष्ट धरायची नसते, चहातलं चमचाभर दूध पण नाही. त्यात अंबाडीची भाजी आली, ठेच्यात मूठभर शेंगदाणे कुटले आणि संध्याकाळी एक केळं खाल्लं तर पाच झाले, आणि यातलं काहीच साक्रीत न मिळणारं नाहीये. फक्त एक लक्षात ठेव, हे मोजमाप अख्ख्या गावाचं चित्र बघायला केलेलं आहे, एका बाईच्या एका दिवसावरून "तू कुपोषित" असा शिक्का मारायला नाही. काल उपास असेल, काल लग्नाचं जेवण असेल.

आणि खायला कमी पडतंय का हा थेट प्रश्न एकटी असताना, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत. "गेल्या महिन्यात कधी असं झालं का की घरात कमी होतं म्हणून तू कमी खाल्लंस?" पहिल्याच भेटीत विचारलंस तर दार बंद होतं.

प्रश्न: दंडाची टेप कधी वापरायची, आमच्याकडे दिलीय पण नीट शिकवलं नाही.
(नवीन सेविका, शिरपूर)

6 महिने ते 5 वर्ष या वयाला. डावा हात, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, मध्य काढताना हात कोपरात वाकवायचा आणि मोजताना सरळ सोडायचा. टेप चामडीला टेकली पाहिजे पण चामडीत रुतायला नको, ओढून घट्ट केली की हिरवं पोर पिवळं दिसतं. 11.5 सेंटीमीटरच्या खाली लाल म्हणजे तीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 पिवळं. लाल आलं, किंवा दोन्ही पायांवर बोटाने दाबून खड्डा राहतोय, किंवा पोर खायलाच बघत नाहीये, तर घरी खाऊ-पिऊ घालत बसायचं नाही, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात, तिथून गरज असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात. आणि टेप फक्त सेविकेच्या पिशवीत ठेवू नका, आयांना पण शिकवा, अवघड नाहीये.

प्रश्न: तळोदा तालुक्यात मी बचत गटाची सीआरपी (गटांना मदत करणारी गावातली कार्यकर्ती) आहे. आमच्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातमध्ये टोळ्या जातात आणि होळीला भोंगऱ्याच्या बाजाराच्या आसपास परत येतात. चार महिने घरं बंद. परसबाग वाळून जाते, पोरं खंगून येतात. आम्ही ट्रेनिंग कोणाला द्यायचं, बंद दाराला?

तुमच्या प्रश्नात राग आहे आणि तो बरोबर आहे, कारण बरेच कार्यक्रम जानेवारी-फेब्रुवारीत होतात, मार्चआधी बजेट संपवायचं म्हणून, आणि नेमकी तेव्हाच माणसं गावात नसतात.

ट्रेनिंगचं वेळापत्रक टोळीच्या वेळापत्रकावर ठेवा. ज्येष्ठ ते आश्विन गावात सगळे असतात आणि तेव्हाच घरात ओढाताण असते, तो तुमचा काळ. दसऱ्याच्या आधी दुसरी फेरी, फक्त जाणाऱ्या घरांसाठी. त्या फेरीत दोन-तीनच गोष्टी. पहिली रेशन. वन नेशन वन रेशन कार्ड आहे, म्हणजे गुजरातमधल्या रेशन दुकानातही आपल्या कार्डाचं धान्य मिळतं, आणि सगळं एकदम उचलायची सक्ती नाही, गेलेल्यांनी काही तिकडे घ्यायचं आणि म्हातारी माणसं मागे राहिलीत त्यांनी बाकीचं इकडे घ्यायचं असं करता येतं. पण त्यासाठी घरातल्या प्रत्येकाचं आधार जोडलेलं आणि ई-केवायसी झालेलं पाहिजे, आणि हे जायच्या आदल्या रात्री होत नाही. दुकानदार नाही म्हणाला तर 1967 हा हेल्पलाईन नंबर आहे. मशीनमधून पावती निघते ती मागून घ्यायची आणि वाचायची, किती किलो लिहिलंय आणि पोत्यात किती आहे, एवढं वाचायला प्रत्येक टोळीतल्या एका तरी बाईला आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे ती एक बाई. प्रत्येक टोळीतली एक निवडा, शक्यतो जिचं स्वतःचं लहान पोर सोबत असतं अशी, मुकादमाची बायको नको. तिला दंडाची टेप द्या, ओआरएस कसं करायचं ते शिकवा, आणि पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीचं मोबाईल ॲप) स्थलांतराची नोंद करायची सोय आहे ती सेविकेकडून जायच्या आधी करून घ्यायला सांगा, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत पोराचं नाव लागायला सोपं जातं. टोळीवर पहाटे तीन-चारला कामाला सुटतात, स्वयंपाक एकदाच होतो, पोरं कोपीत (झोपडीत) दिवसभर असतात. तिथे काय चालेल याचा विचार करा. भाजलेल्या ज्वारीचं, हरभऱ्याचं आणि शेंगदाण्याचं पीठ एकत्र करून गूळ घालून डब्यात भरून दिलं तर पाणी किंवा दूध घालून मोठं भावंड पण लहानाला खाऊ घालू शकतं, चूल पेटवावी लागत नाही. हे पीठ दसऱ्याच्या फेरीत गटाने एकत्र भाजून करा. बाकी सगळा आहार-आदर्श तिकडे चालत नाही हे मान्यच करून टाकावं.

आणि जी पोरं आजीपाशी राहतात त्यांच्यासाठी आजीला ट्रेनिंग. आजवर एकाही प्रशिक्षणाच्या यादीत मी "आजी" असा रकाना बघितला नाही, उपस्थितीपत्रकावर वयाची अट असते म्हणून म्हातारीला परत पाठवल्याचं मात्र बघितलंय.

प्रश्न: घरोघरच्या सासूबाई ऐकत नाहीत. बाळाला सहा महिने झाले तरी वरणाचं पाणीच देतात. मी पोषण सखी आहे, वय 24, मला म्हणतात तुला किती पोरं झाली. नवापूर.

हा हा, हे सगळ्यांनाच ऐकून घ्यावं लागतं. तू त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांच्याच चुलीपाशी बस. त्यांनी केलेल्या वरणाची पातेली पुढे घे, वरचं पाणी एका चमच्यात घे आणि चमचा तिरपा कर, लगेच ओघळून जातं. मग तळाची घट्ट डाळ आणि भात बोटांनी कुस्करून दुसऱ्या चमच्यात घे, अर्धा चमचा तेल घाल, तिरपा कर. पडत नाही. काही बोलू नकोस, दोन्ही चमचे सासूबाईंच्या हातात दे. पोट तेवढंच, त्यात पाणी भरायचं की हे, हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं कळतं, त्यांनी चार वाढवलेत. पुढचं प्रमाण तू सांग: सहाव्या महिन्यानंतर दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा, नऊ ते अकरा महिन्यांत तीन-चारदा आणि मधे काहीतरी, वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी. वाटी म्हणजे 250 मिलीची, घरात आधी एक वाटी पाण्याने मोजून ठेव आणि तीच बाळाची ठेव. अंगावरचं दूध चालूच.

सासूबाईंना दुसरं एक काम दे. तुमच्याकडे पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, कटुर्ले, बांबूचे कोंब काय काय येतं हे त्या तुला दाखवू शकतात, तुझ्या ट्रेनिंगच्या पुस्तकात एवढं नसेल. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव असतो तिथे त्यांना ने, भाजी त्यांनी मांडायची आणि माहिती त्यांनीच सांगायची. त्यानंतर तू घरी गेलीस की स्वागत वेगळं असतं.

आणि तुमच्या भागात अमृत आहार योजना आहे, 2015 पासून, आदिवासी भागात गरोदर आणि बाळंतीण बाईला अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण. तुझ्या पाड्यावर कितीजणी खरंच जाऊन जेवतात ते बघ. न जाण्याचं कारण बहुतेक वेळा वेळ असते, ती बाई तेव्हा शेतात असते. सेविकेशी बोलून वेळ सरकवता येते का, एवढं जरी तू केलंस तरी पाच भाषणांपेक्षा जास्त झालं.

प्रश्न: आम्ही यावल-रावेर भागात काम करतो. केळीचा पट्टा, सगळीकडे हिरवंगार, ट्रक भरून केळी जातात आणि मजुरांच्या घरात बायांचं हिमोग्लोबिन 8-9. परसबाग सांगितली तर जागा नाही म्हणतात, मळ्यातल्या खोलीत राहतात.

परसबागेचं थोडं वेड झालंय आपल्याकडे. "माझी पोषण परसबाग" मोहीम उमेदने (बचत गटांचं काम बघणारं राज्य सरकारचं अभियान) चालवली ती चांगलीच आहे, गोल आळं, सात वाफे, मधोमध आंघोळीचं पाणी, जिथे जागा आणि पाणी आहे तिथे जरूर करा. जिथे नाही तिथे बाईला सारखं परसबाग परसबाग म्हणून लाजवू नका. खताच्या रिकाम्या गोणीत माती-शेणखत भरून गिलक्याचा वेल पत्र्यावर चढतो, डांगर पण चढतं, आणि बांधावर शेवग्याची फांदी जूनमध्ये खोचायला मळेवाल्याची परवानगी मिळते. एवढं पुरे.

मजुराच्या घराचं अन्न शेतात नाही, आठवडे बाजारात ठरतं. म्हणून तुमच्या कार्यकर्तीला बाजाराच्या दिवशी बरोबर न्या. मजुरी हातात आल्यावर पिशवीत काय काय येतं, पोरांसाठी कुरकुरे-फरसाणची किती पाकिटं येतात, आणि तेवढ्याच पैशात अंडी किंवा फुटाणे किती आले असते, हे तिथल्या तिथे मोजा. कोणाला उपदेश करायचा नाही, फक्त त्या दोन-चार घरांना जमिनीवर मांडून दाखवायचं. टाकायची केळी मळ्यात पडलेली असतात, ती मजुरांनी घरी नेली तर चालतील का हे मळेवाल्याला एकदा सरळ विचारा, बरेच जण हो म्हणतात.

रक्ताचं म्हणाल तर जेवणासोबतचा चहा बंद, जेवणाच्या आधी-नंतर तासभर नको, त्याने लोह अंगी लागत नाही. भाजीवर लिंबू पिळायचं, त्याने लागतं. जंताची गोळी. पण एक महत्त्वाचं. सातपुड्याच्या पायथ्याचे पावरा, भिल्ल मजूर असतील तर सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी झालीय का ते आधी विचारा. त्या आजारात पण रक्त कमी असतं, आणि डॉक्टरांना न विचारता लोहाच्या गोळ्यांचा मारा करणं बरोबर नाही. ज्या कार्यकर्तीला प्रत्येक फिकट चेहऱ्यामागे फक्त "पालक खा" दिसतं तिचं ट्रेनिंग अर्धवट राहिलंय.

प्रश्न: मी अमळनेरचा शेतकरी. बायांना ट्रेनिंग देऊन अन्न कसं येणार ते मला समजत नाही. पाऊस नसला, कपाशीला भाव नसला तर काय खाणार? का आता कापूस लावू नका म्हणणार?

दादा, तुमचं अर्धं मला पटतं. भाव पडला की सखी काही करू शकत नाही, आणि त्याचं ओझं तिच्या डोक्यावर टाकणारे कार्यक्रम मला पण आवडत नाहीत. कापूस लावा. पण कपाशीत आठ-दहा ओळींनंतर तुरीची एक ओळ टाकायची आपल्याकडची जुनी पद्धत होती ती बऱ्याच शेतातून गेली, मधे मूग-उडीद घ्यायचे ते पण गेले, तणनाशकामुळे आणि मजुरी परवडत नाही म्हणून. घरापुरती डाळ त्यातून यायची. पेरणीआधी घरात बसून बायको-आई यांना "वर्षाला डाळ किती लागते" एवढं विचारून मग ओळी ठरवल्या तर काय बिघडतं? आणि हा प्रश्न घरात विचारला जावा म्हणून ती सखी येते, तिला हाकलू नका.

दुसरं, आलेलं धान्य टिकवणं. ज्वारी कोठीत भरण्याआधी दाणा दाताखाली फोडून बघा, कट् असा आवाज झाला तर वाळलंय, दबला तर अजून ऊन पाहिजे, ओलावा 12 टक्क्यांच्या वर असला की किडा लागतोच. पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकून नको, खाली फळ्या. हे तुम्हाला माहितीये, पण घाईत आपण सगळेच तसंच लावून टाकतो.

प्रश्न: ट्रेनिंगचा उपयोग झाला की नाही हे कसं कळेल? आमच्याकडे आधी-नंतरची परीक्षा घेतात, सगळ्यांना 80 टक्के पडतात.

परीक्षा घ्या, देणगीदारांना लागते. खरं बघायचं असेल तर सहा महिन्यांनी, भर आषाढात, न सांगता तिच्यासोबत तीन घरं जा आणि आधी तिला बोलू द्या. ती विचारते किती आणि सांगते किती ते बघा. ती त्या घरातल्या पोरांना नावाने हाक मारते का बघा. मागच्या भेटीत ठरलेली एक गोष्ट, एकच, तिला आठवते का, आणि त्या घराला आठवते का. आणि पाच घरांमध्ये दाणे संपायचा महिना आखाजीवरून पोळ्याकडे सरकला का, ते त्या जमिनीवरच्या आखणीत परत मांडून बघा. सगळ्या घरात नाही सरकणार.

आणि हो, मानधन वेळेवर द्या. एका संस्थेत सख्यांचे पैसे पाच महिने अडकले होते आणि त्याच महिन्यांत त्यांनाच "कुटुंबाचं आर्थिक नियोजन" यावर सत्र घेतलं. बाया काही बोलल्या नाहीत, हसत होत्या.

प्रश्न: भाजीचं चांगलं बियाणं आणि शेवग्याची रोपं कुठे मिळतील? कोंबड्या पण वाटायच्यात.
(चोपडा)

कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, जळगाव जिल्ह्यात ममुराबादला आणि रावेर तालुक्यात पालला आहे, धुळ्याला आहे, नंदुरबारला आहे. तुम्हाला पाल किंवा ममुराबाद. मे महिन्यातच फोन करा, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेलात तर रोपं संपलेली असतात. पालेभाजीचं बी सरळ वाणाचं मागा, संकरित नको, म्हणजे पुढच्या वर्षी घरचंच धरता येईल. कोंबड्या वाटायच्या आधी मानमोडीच्या (कोंबड्यांचा साथीचा रोग) लसीचं ठरवा, पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा ही लस, तुमच्या भागातल्या पशुसखीला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून तारखा लिहून घ्या, नाहीतर पावसाळ्यात सगळ्या एकदम जातात आणि बाया म्हणतात संस्थेच्या कोंबड्या नकोच.